'न्यूज'मध्ये चार दिशा नाहीत

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते. परिपाठात रोज एक इंग्रजी शब्द आणि तो कुठून आला हे एक मूल सांगतं, मग तो आम्ही दर्शनी फलकावर लिहितो. माहिती बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवरूनच मिळते. मागच्या आठवड्यात 'न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ' असं लिहिलं, तर एका पालकांनी हे चूक आहे म्हणून सांगितलं. आता आधी लिहिलेल्या फॅमिली, पेन, कॉम्प्युटर, गोल्फ या शब्दांबद्दलही शंका यायला लागलीय. खरं-खोटं ओळखायचं कसं? आपल्या भागातून इंग्रजीत गेलेले शब्द आहेत का? आणि मुलांपुढे चूक दुरुस्त कशी करू? – एक शिक्षिका

उत्तर : ताई, त्या पालकांचं बरोबर आहे. 'न्यूज' हे 'न्यू'चं साधं अनेकवचन आहे, म्हणजे नव्या गोष्टी. जुन्या फ्रेंचमध्ये बातम्यांसाठी असाच अनेकवचनी शब्द होता, त्या धर्तीवर इंग्रजीत १४व्या शतकाच्या अखेरीस हा रूढ झाला. जुन्या लिखाणात त्याचं स्पेलिंग बरेचदा एन-ई-डब्ल्यू-ई-एस असं, एक ई जास्तीचा घालून केलेलं सापडतं. आता त्या जास्तीच्या ई ला कुठली दिशा द्यायची? शिवाय उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण या क्रमाने दिशा कोणीच म्हणत नाही, इंग्रजही नाही. शब्द आधी होता, दिशा मागाहून त्यात बसवल्या.

तुमच्या यादीतल्या बाकीच्या शब्दांचंही तेच झालंय. इंग्रजीच्या रोजच्या शब्दाचा कोणी फुलफॉर्म सांगितला, की तो खोटा धरूनच तपासायला घ्या. आद्याक्षरं जोडून शब्द तयार करायची आणि तो शब्दासारखा उच्चारायची रीत इंग्रजीत पसरली ती २०व्या शतकात, त्यातही महायुद्धांच्या काळात. 'रडार' (१९४०), पाण्याखाली पोहणाऱ्यांचं 'स्कूबा' (१९५२), 'लेसर' हे शब्द खरोखर तसे झाले. शब्द त्याहून जुना असेल तर त्याला फुलफॉर्म असणं जवळजवळ अशक्यच. एक गाजलेला अपवाद आहे 'ओके'. 'ऑल करेक्ट'चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं घ्यायची, अशी थट्टा तेव्हा अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत चालायची. बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात २३ मार्च १८३९ला 'ओके' छापलं गेलं आणि तेवढं टिकलं. पण याला तारखेसकट छापील पुरावा आहे. फॉरवर्ड होऊन आलेल्या मेसेजला तसा नसतो, फरक इतकाच.

आता एकेक शब्द घेऊ. 'फॅमिली'चा 'फादर अँड मदर, आय लव्ह यू' ऐकायला गोड आहे, पण शब्द लॅटिन 'फामिलिया'वरून आलाय. त्याच्या मुळाशी 'फामुलुस' म्हणजे घरचा नोकर किंवा गुलाम. रोमनांच्या फामिलियात गडीमाणसं धरून सगळं घरदार यायचं. आईबाप आणि दोन मुलं हा अर्थ फार उशिराचा. 'कॉम्प्युटर'चा लांबलचक फुलफॉर्म आपल्याकडे सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतसुद्धा छापलेला असतो. लॅटिनमध्ये 'कोम्पुतारे' म्हणजे हिशेब करणं, आणि इंग्रजीत 'कॉम्प्युटर' १६१३ साली लिहिलेला सापडतो. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे हिशेब करणारा माणूस होता. यंत्राला हे नाव पुष्कळ नंतर मिळालं. 'गोल्फ'मध्ये बायकांना मज्जाव असल्याचा फुलफॉर्मही असाच. स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ साली गोल्फ आणि फुटबॉल दोन्हींवर बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून खेळत बसायचे. नाव बहुधा डच भाषेतल्या काठीच्या शब्दावरून आलंय. वेटरला देतो ती 'टिप' १७व्या शतकातल्या चोरांच्या बोलीतून वर आली, तिथे 'टिप' म्हणजे दे, इकडे सरकव. 'पॉश'चा तर हिंदुस्थानच्या बोटींशी संबंध जोडतात: जाताना डावीकडची, येताना उजवीकडची सावलीची केबिन. त्या चार अक्षरांचा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर मिळालेलं नाही.

'पेन'वर जरा थांबू, कारण मुलांना हा आवडेल. लॅटिन 'पेन्ना' म्हणजे पीस. पिसाच्या बुंध्याला टोक काढून लिहायचे, म्हणून पेन. मग 'पेन्सिल' हे पेनाचं पिल्लू असणार, असं कोणालाही वाटेल, आणि इथेच फसायला होतं. पेन्सिल आली 'पेनिकिलुस'वरून, म्हणजे रंगवायचा छोटा कुंचला, आणि त्याचं मूळ शेपूट. (तो लॅटिन शब्द फलकावर लिहू नका, 'शेपूट' एवढंच पुरे.) पेन आणि पेन्सिल यांचं नातंच नाही. पेन्सिलची खरी नातेवाईक आहे पेनिसिलिन. ज्या बुरशीतून ते औषध मिळालं, ती सूक्ष्मदर्शकाखाली कुंचल्यासारखी दिसते, म्हणून तिला ते नाव. सारखे दिसणारे शब्द परके आणि मुळीच न दिसणारे सख्खे, असं या विषयात पावलोपावली होतं.

फुलफॉर्मवाले मेसेज पकडणं सोपं आहे. अर्धे खरे असतात ते जास्त त्रास देतात. 'सॅलरी' मिठावरून आली हे बरोबर, लॅटिन 'सालारियुम'चं 'साल' म्हणजे मिठाशी नातं आहे. पण 'रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ द्यायचे' असं सांगणारा त्या काळचा पुरावा नाही. नातं खरं, त्यावर रचलेली गोष्ट नंतरची. 'स्ट्रॉबेरी'चंही तसंच. महाबळेश्वरची सहल काढलीत तर कोणीतरी सांगेलच, की रोपांखाली पेंढा अंथरतात म्हणून स्ट्रॉबेरी. आता काळ बघा. हा शब्द हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत आहे, आणि आपण खातो ती मोठी बागायती स्ट्रॉबेरी अमेरिकेतल्या दोन जातींच्या संकरातून युरोपात १८व्या शतकात तयार झाली. शब्द झाला तेव्हा लोक रानातली बोराएवढी फळं वेचत होते. 'स्ट्रॉ' कशावरून आला यावर शब्दकोशांचं एकमत नाही. फलकावर तसंच लिहा. 'मूळ अनिश्चित' हेसुद्धा उत्तरच आहे, आणि मोठे शब्दकोश ते बेधडक लिहितात.

तपासायचं कसं, तर एका शब्दाला दहा मिनिटं लागतात. गुगलवर वर जी चौकट येते तिथे थांबू नका. मेसेजमधलीच गोष्ट तिथे पुन्हा भेटू शकते. मोबाइलवर ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी फुकट उघडते, मेरियम-वेबस्टरही. दोन्हींत शब्द बघा आणि तीन गोष्टी वहीत उतरवा: सगळ्यात जुनी नोंद कधीची, तेव्हाचं रूप किंवा स्पेलिंग काय होतं, आणि कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत अशी वाट. मेरियम-वेबस्टरमध्ये नोंदीच्या खाली 'फर्स्ट नोन यूज' म्हणून साल दिलेलं असतं. ते लेखी पुराव्याचं साल आहे, शब्दाच्या जन्माचं नव्हे. बोलण्यात तो आधीपासून असू शकतो. दोन शब्दकोश जुळले तर लिहा. एकात 'प्रॉबेब्ली' किंवा 'परहॅप्स' असेल, तर तुमच्या फलकावर 'बहुधा' आलंच पाहिजे. सांगलीच्या मुलांना हळदीचं कुतूहल असणार, म्हणून हेच उदाहरण घ्या. 'टर्मरिक' हा 'तेरा मेरिता', म्हणजे 'गुणी माती', या मध्ययुगीन लॅटिन नावावरून आला असावा असं सांगतात. त्यातला 'असावा' गाळला की तुम्हीही मेसेजवाल्यांच्या पंगतीत.

तीन ठिकाणी चूक हमखास होते. पहिली, एकाच स्पेलिंगच्या दोन नोंदी असतात आणि आपण पहिलीच वाचतो. क्रिकेटची 'बॅट' आणि वटवाघळाची 'बॅट' हे वेगळे शब्द आहेत, वटवाघळाचं जुनं रूप 'बक्के' असं होतं. 'कॅश'च्याही दोन नोंदी सापडतील. पैसे या अर्थाची कॅश पेटीच्या फ्रेंच-इटालियन शब्दावरून, आणि जुन्या प्रवासवर्णनांत भेटणारं 'कॅश' नावाचं किरकोळ नाणं तमिळ 'कासु'वरून, पोर्तुगीजांमार्फत. दुसरी चूक, शब्दाआधीची चांदणी. एखाद्या रूपाआधी चांदणीसारखी खूण असेल तर ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तुलनेवरून बांधलेलं आहे. उतरवून घेताना ती खूण सुटते आणि अंदाजाची नोंद होते. तिसरी, मधल्या भाषा गाळणं. 'शुगर संस्कृतातून आली' हे खरं, पण मधली वाट गेली की मुलांच्या हाती काहीच लागत नाही.

म्हणून ती वाट सविस्तर सांगतो. संस्कृतात 'शर्करा' म्हणजे मुळात बारीक खडे, रेव. साखरेचे कण तसे दिसतात म्हणून तीही शर्करा. (आपण खडीसाखर म्हणतो त्यात तोच प्रकार आहे.) फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर', मग लॅटिन, जुनी फ्रेंच आणि शेवटी इंग्रजी 'शुगर'. हा झाला इराण-अरबस्तानातला रस्ता. त्याच शर्करेचं केरळच्या बाजूला 'चक्कर' झालं, ते पोर्तुगीजांनी 'जागरा' म्हणून उचललं आणि इंग्रजीत 'जॅगरी' झालं. म्हणजे इंग्रजीत साखर आणि गूळ या एकाच शब्दाच्या दोन मुली, एक खुष्कीने गेली, एक समुद्राने. सांगलीच्या गूळ बाजारात रोज येणाऱ्यालाही याची कल्पना नसते. वाळवा-कराडकडची ऊसवाल्यांची मुलं वर्गात असतील तर हा शब्द नकाशावर बोट फिरवत शिकवा.

'कँडी'ही याच गोतावळ्यातली. संस्कृत 'खंड' म्हणजे साखरेचा खडा, फारसी 'कंद', अरबी 'कंदी', फ्रेंच, मग इंग्रजी. आता साताऱ्याच्या कंदी पेढ्याबद्दल 'इंग्रज त्याला कँडी म्हणायचे, त्यावरून कंदी' असं ऐकायला मिळतं. हे मान्य करण्याआधी एक साधा प्रश्न विचारा: साखर या अर्थाचा 'कंद' मराठीत इंग्रजीवाचून होता का? होता. गुलकंदात तोच आहे: 'गुल' म्हणजे गुलाब, 'कंद' म्हणजे साखर, दोन्ही फारसी. शब्द घरात असताना तो इंग्रजांकडून आणला असं सांगणाऱ्याने जुना कागद दाखवावा, तोवर गोष्ट फलकावर नको.

तुमच्या तालुक्यासाठी द्राक्षांहून चांगला शब्द नाही. जुन्या फ्रेंचमध्ये 'ग्रेप' म्हणजे घड. तो बहुधा द्राक्षं काढायच्या आकडीच्या शब्दाशी जोडलेला आहे. इंग्रजांनी तो घेतला आणि एका मण्याला वापरायला लागले. त्याआधी ते द्राक्षाला 'वाइन-बेरी' अशा अर्थाचा आपला शब्द वापरत. 'रेझिन' हाही फ्रेंचांचाच, मूळ लॅटिन 'राकेमुस', अर्थ परत घड! फ्रेंचमध्ये आजही त्याचा अर्थ ताजं द्राक्ष असा आहे, इंग्रजीत आल्यावर तो वाळला. 'करंट' म्हणजे ग्रीसमधल्या कोरिंथचे मनुके. गावाचं नाव घासून घासून तेवढं उरलं. आणि आपला 'बेदाणा' फारसी, 'बे' म्हणजे विना, 'दाणा' म्हणजे बी. चारांपैकी त्या मालात नेमकं काय आहे हे सांगणारा शब्द हा एकच, बाकी दोन घड आणि एक गाव.

'जंगल'ही घ्या. इंग्रजीत 'जंगल' म्हटलं की गच्च, ओलं, वेलींनी भरलेलं रान. संस्कृतात 'जांगल' म्हणजे कमी पावसाचा, तुरळक झाडांचा कोरडा मुलूख; आयुर्वेदात जांगल आणि आनूप असे प्रदेशांचे भेद आहेत, आनूप म्हणजे पाणथळ. त्या हिशेबाने खरं जांगल म्हणजे आटपाडी, जत, माण, खटाव. कोयनेचं खोरं नव्हे. शब्द हिंदीत येईतो 'पडीक, झाडी वाढलेली जागा' असा सरकला आणि इंग्रजीत १८व्या शतकात गेला तो हा सरकलेला अर्थ घेऊन.

एक सावधगिरी मात्र बाळगा. 'इंग्रजी संस्कृतातूनच निघाली' असे मेसेज तुम्हाला येतील, कारण 'नेम' आणि 'नाम', 'काऊ' आणि 'गो' अशा जोड्या खरंच आहेत. संस्कृत ही इंग्रजीची आई नव्हे, फार तर मावशी. दोघींचं मूळ एका तिसऱ्याच, न लिहिल्या गेलेल्या भाषेत आहे. ब्रिटिश न्यायाधीश विल्यम जोन्सने हे नातं २ फेब्रुवारी १७८६ला कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडलं. पुढच्या शतकात ते नियमात बसवलं गेलं: संस्कृत 'प'च्या जागी इंग्रजीत 'फ' (पितृ–फादर, पाद–फुट), 'द'च्या जागी 'ट' (दश–टेन, दंत–टूथ), 'श'च्या जागी 'ह' (शत–हंड्रेड), 'ग'च्या जागी 'क'. याच नियमाने संस्कृत 'युग' आणि इंग्रजी 'योक' एक आहेत. मराठीत शब्दारंभीच्या 'य'चा 'ज' होतो (योगी–जोगी), म्हणून युगाचं झालं बैलाच्या मानेवरचं 'जू'. तेव्हा जू आणि योक ही भावंडं, आणि दोन्हींचा अर्थ आजही तोच.

उलट फसवी जोडी म्हणजे इंग्रजी 'बॅड' आणि फारसी 'बद', बदनाममधला. उच्चार तोच, अर्थ तोच. पण जुन्या फारसीत, पहलवीत, मागे गेलात की 'बद'चं रूप 'वत' असं मिळतं, आणि इंग्रजी शब्दाचा त्याच्याशी काही संबंध लागत नाही. योगायोग आहे. हजारो शब्दांत अशा काही जोड्या जुळणारच. तंतोतंत सारखे शब्द दिसले की आधी संशय घ्या. हजारो वर्षं वेगळ्या वाटेने गेलेले शब्द इतके सारखे राहत नाहीत.

आता फलकाचं. रोज एक शब्द हा बेत सोडा. वर्षाला दोनशेच्या वर शब्द लागतात, तेवढे तपासणं तुम्हाला शक्य नाही, आणि मग मेसेजवर भिस्त येते. आठवड्याला एक ठेवा, सोमवारी लिहा, शनिवारी पुसा. चार ओळी पुरतात: शब्द आणि आजचा अर्थ, सगळ्यात जुनं रूप आणि शतक, आलेली वाट, बाण काढून, आणि खात्रीचं की बहुधा. तपासायचं काम सातवीच्या दोघा-तिघांना वाटून द्या, फोन तुमच्या हातात असू द्या.

जुन्या चुका गुपचूप पुसू नका, मुलांनी त्या घरी सांगितलेल्या असतात. न्यूजपासून सुरुवात करा. आधी चार दिशा लिहा, शेजारी जास्तीच्या ई चं जुनं स्पेलिंग लिहा आणि काय अडतंय ते मुलांनाच विचारा. पाच मिनिटांत पकडतील. मग फॅमिली आणि कॉम्प्युटर त्यांनाच सोडवायला द्या. ज्या पालकांनी चूक दाखवली त्यांना त्या दिवशीच्या परिपाठाला बोलावलंत तर उत्तमच.

नव्या फलकावरचा पहिला शब्द म्हणून मी 'मंगूस' सुचवेन. ऑक्सफर्डच्या शब्दकोशात त्याचं मूळ चक्क मराठी दिलंय, आपलं मुंगूस, १७व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत गेलेलं. कन्नडमध्ये 'मुंगुसी' म्हणतात, त्यामुळे जतकडची मुलं वर्गात असतील तर त्यांना घरचा शब्द विचारा. स्पेलिंगच्या शेवटी जो 'गूस' दिसतो तो इंग्रजांनी कानाला ओळखीचा वाटला म्हणून बसवलाय, बदकाच्या जातीशी मुंगसाचं काही देणंघेणं नाही. म्हणून 'गूस'चं अनेकवचन 'गीस' झालं तरी इथे 'मंगीस' होत नाही, 'मंगूसेस' होतं. परीक्षेत एखाद्याने 'मंगीस' लिहिलं तर अर्धा गुण द्यायला माझी हरकत नाही.